सह्याद्रीचें पंचांग आणि वसईचा वेढा

आल्प्स पर्वतांतील घाट हिवाळ्यांत बर्फानें बंद होतात व उन्हाळ्यांत हळूहळू मोकळे होतात. ज्या वर्षीं बर्फ अधिक, त्या वर्षीं वाट उशिरां उघडते. 1800 सालच्या मे महिन्यांत नेपोलियनच्या सैन्यानें ग्रेट सेंट बर्नार्डचा घाट ओलांडला, तेव्हां तेथें अजून बर्फ होतें. पोखरलेल्या ओंडक्यांत तोफा घालून शिपायांना त्या ओढाव्या लागल्या.

आपल्या सह्याद्रींत बर्फ नाहीं. परंतु बर्फाचें काम येथें पाऊस करतो. मृगाच्या सरी कोसळूं लागल्या कीं ओढे फुगतात, दगड निसरडे होतात, दरडी सुटतात. दसऱ्याच्या सुमारास वाटा पुन्हा चालत्या होतात. शिलंगणानंतर मोहिमेस निघण्याची आपल्या पूर्वजांची रीत केवळ धर्माचार नव्हती. तिच्या मुळाशीं डोंगराचा अनुभव होता.

वसईचा इतिहास या पंचांगावांचून नीट उलगडत नाहीं. 1737 सालीं ठाणें व साष्टी मराठ्यांच्या हातीं आलीं, पण वसई राहिली. 1739 च्या फेब्रुवारींत तिला निकराचा वेढा पडला. चिमाजीअप्पांपुढें शत्रु दोन होते: तटाआड पोर्तुगीज आणि समुद्रावरून येऊं घातलेला पाऊस. तो आधीं गांठता, तर मोर्चे व सुरुंग पाण्यानें भरले असते आणि घाटावरून येणारी रसद अडली असती. मे महिन्यांत सुरुंग उडाले, भयंकर रक्तपात झाला आणि 16 मे रोजीं पोर्तुगीजांनीं किल्ला सोडण्याचें मान्य केलें. मृग तेव्हां सुमारें तीन आठवड्यांवर होता.

पुढें 1780 च्या डिसेंबरांत जनरल गॉडर्डनें हाच किल्ला घेतला आणि तो बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत पोहोंचला. परंतु हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनीं त्याला सळो कीं पळो केलें. 1781 च्या एप्रिलांत, पावसाळा तोंडावर असतां, त्याला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. किल्ला हातीं आला, वाट आली नाहीं.

आज तुंगारेश्वरच्या रानांत पाठीवर पिशवी घेऊन जाणारे तरुण बहुधा ऐन पावसांतच वाट धरतात. पायीं फिरण्याची ही हौस अभिनंदनीय आहे. मात्र जवळच्या चिंचोटीच्या धबधब्यावर आजवर कित्येकांनीं प्राण गमावले आहेत. फौजा बाळगणाऱ्यांनींहि ज्या ऋतूचा मान राखला, तो आपणही राखावा. आश्विनांत ओढे ओसरतात, वाट उघडते आणि डोंगर कोठें पळून जात नाहीं.