आंबील, एल आणि आडवी बाटली

हे खूळ आमच्या लंडनकर मित्राचं. तिकडे म्हणे शनिवारी सकाळी मित्रमंडळी निघतात, पायी पायी या पबातून त्या पबात जातात, प्रत्येक ठिकाणची पारंपरिक 'एल' अर्धा ग्लास चाखतात आणि रात्री (जमल्यास) आपापल्या घरी पोचतात. याला पब क्रॉल म्हणतात. "आपण सातारा ते सांगली करू की राव! आपल्याकडचं पारंपरिक काय ते चाखत चाखत."

आम्ही चौघं निघालो. लंडनकर, सातारकर, तासगावकर आणि मी. गाडी सातारकराकडे, कारण तो पीत नाही. का पीत नाही, हे इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारलं नव्हतं.

पोवई नाक्यावर पहिला चहा घेतला आणि तिथेच पहिला बग सापडला. साताऱ्यात 'पारंपरिक' प्यायचं म्हणजे नक्की काय?

लंडनकराने एल समजावून सांगितली. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. मग गरम पाण्यात तो गोड अर्क उतरवायचा, यीस्ट टाकायचं, झाली एल. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हे काम बहुतेक घरोघरच्या बायकाच करायच्या. रोजच्या पिण्याची पातळ एल पोरंसोरंही प्यायची. जास्त झाली तर दारात विकायची. पंधराव्या शतकापासून हॉप्स घातलेली बिअर आली, ती जास्त टिकायची. मग धंदा मोठा झाला आणि बायकांच्या हातून हळूहळू निसटला. विसाव्या शतकात कारखान्याच्या गॅसवाल्या बिअरपुढे जुनी एल संपायला आली, तेव्हा १९७१ मध्ये काही मंडळींनी 'कॅमरा' नावाची चळवळ काढून ती वाचवली. साउथवर्कमधल्या १६७७ साली पुन्हा बांधलेल्या 'जॉर्ज इन'मध्ये आजही एल मिळते, आणि साहेब तिथे बसून आले होते.

आता आपल्याकडे या. सातारा-सांगलीचं धान्य ज्वारी, डोंगरात नाचणी. दोन्हींची झकास दारू होते. आफ्रिकेत ज्वारीची बिअर होते, सिक्कीम-नेपाळात नाचणीची तोंगबा. मग आपल्याकडे पब का नाहीत?

माझं उत्तर असं, की आपल्याकडे दारूचा इतिहास धान्याचा कमी आणि महसुलाचा जास्त आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं आणि विकणं सरकारी परवान्याखाली घट्ट बांधलं. घरची भट्टी गुन्हा ठरली, ठेकेदाराचं दुकान मात्र कायदेशीर. जितकी दुकानं तितकं सरकारचं उत्पन्न. याच्यावर लवकर बोट ठेवणाऱ्यांत एक होते महात्मा फुले. त्यांचं मूळ गाव कटगुण, इथलंच, खटाव तालुक्यातलं. १८८० मध्ये, स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. म्हणजे पब क्रॉलच्या पहिल्याच मुक्कामावर आम्हाला भेटला तो दारूला विरोध!

कराडला प्रीतिसंगमावर भेळ खाल्ली. दोन्ही बाजूंना ऊस. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० मध्ये पूर्ण दारूबंदी आली. (तो कायदा अजून आहे बरं का. पिण्याचा परवाना लागतो तो त्यामुळेच.) त्याच सुमारास सहकारी साखर कारखाने उभे राहायला लागले. साखर काढून उरते ती मळी. एक टन मळीतून साधारण २२० ते २५० लिटर अल्कोहोल निघतं. साठच्या दशकात दारूबंदी सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि मळीला गिऱ्हाईक मिळालं. आपण ऐटीत 'व्हिस्की' म्हणून पितो त्यातल्या बऱ्याच बाटल्यांतही मळीचाच स्पिरिट असतो. बार्ली बिचारी लेबलवर.

"मग हायवेवरचे बार?" लंडनकर विचारता झाला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा सुप्रीम कोर्टाचा आदेश डिसेंबर २०१६ चा, अंमल १ एप्रिल २०१७ पासून. पुढे शहरी हद्दीला सूट मिळाली. बार येतात, जातात, पुन्हा येतात. पण त्यातल्या एकाही बारला कोणी 'आमचा' म्हणत नाही. काळ्या काचा, मिणमिणते दिवे, आणि ओळखीचं कोणी भेटलं तर दोघंही भिंतीकडे बघणार.

पलूसला तासगावकराने छाती फुगवली, कारण इथे एमआयडीसीचं वाइन पार्क. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, त्यातून नाशिककडे विंचूर आणि सांगलीकडे पलूस अशी दोन पार्कं झाली. नाशिकला वाइनच्या पर्यटनाची गर्दी झाली, पलूसला जमली नाही. सांगलीचं द्राक्ष खायचं आणि बेदाण्याचं. तासगावच्या शेडमध्ये जाळ्यांवर दोन-तीन आठवडे ते सुकतं आणि निमूट किशमिश होतं. "आम्ही द्राक्षाला सुद्धा निर्व्यसनी केलं," तासगावकर म्हणाला. आम्ही हसलो. सातारकर हसला नाही.

थोड्या वेळाने तो आपणहून बोलला. त्यांच्या गावात आडव्या बाटलीचं मतदान झालं होतं. दारूचं दुकान ठेवायचं की नाही, हे बायकांनी ठरवायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. निम्म्याहून जास्त कौल आडवीला मिळाला तर दुकानाला कुलूप. २००८ च्या सरकारी आदेशात ही पद्धत आहे, आणि सातारा जिल्ह्यात अशी मतदानं झालेली आहेत.

"आई त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला न विचारता मत देऊन आली," तो म्हणाला.

"मग? झाली आडवी?"

"झाली. पण बाबांना उशीर झाला होता."

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

सांगलीत शेवटचा मुक्काम तासगावकराच्या आजीकडे. बेत कळल्यावर आजीने कपाळावर हात मारला आणि चार तांबे आणून ठेवले. आंबील! रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं, सकाळी आंबलं की उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचं, मीठ, जिरं, लसूण, वरून ताक. लंडनकराने घोट घेतला आणि ओरडला, "अरे, ही तर एलची बहीण!" बरोबरच होतं त्याचं. धान्य तेच, आंबवणं तेच, करणारे हातही घरच्या बाईचेच. फक्त मोड न आणल्यामुळे साखर कमी, यीस्टऐवजी ताकातल्या जिवाणूंचं राज्य, आणि वर शिजवल्यामुळे मामला तिथेच थांबतो. एल झिंगेपर्यंत गेली, आंबील पोट भरेपर्यंतच.

एल वाचवायला तिकडे चळवळ झाली, तशी आंबिलीसाठी कोणी काढलेली नाही. आपल्या बायकांची चळवळ दुकान बंद करण्यात खर्ची पडली. त्यांच्या वाट्याला एल आलीच नव्हती, आली होती ती मळी.

लंडनकराने तीन तांबे रिचवले. सातारकराने निघताना आजीकडून कृती लिहून घेतली, आईसाठी. त्याच्या घरी आंबील करणं कधी बंद झालं, ते त्याला आठवत नव्हतं.