अतिवजनी गर्भ

अतिवजनी गर्भ : जन्मवेळी ४ किग्रॅ. (काही निकषांनुसार ४.५ किग्रॅ.) पेक्षा जास्त भरणारे बाळ.

कारणे : आईवडिलांची उंची, मुलगा असणे, आधीची बाळंतपणे आणि दिवस उलटून गेल्यावर होणारी प्रसूती यांमुळे बाळ मोठे भरते. आईचा लठ्ठपणा व गरोदरपणी बेसुमार वाढलेले वजनही कारणीभूत असते. बेकविथ-वीडेमानसारखे जनुकीय विकार विरळा आढळतात. आटोक्यात ठेवता येण्याजोगे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे आईचा मधुमेह.

कोपनहेगनचे डॉक्टर यॉर्गेन पेडरसन यांनी १९५२ मध्ये मधुमेहामुळे बाळ मोठे का होते याची उपपत्ती मांडली. आईच्या रक्तातील साखर वारेतून गर्भाकडे जाते. आईचे इन्शुलिन जात नाही. जादा साखर जिरवण्यासाठी गर्भाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्शुलिन वाढवते. त्याने वाढीला जोर मिळतो आणि खांद्यांवर व पोटावर चरबी साठते. नऊ देशांतील २३ हजारांवर गरोदर स्त्रियांच्या ‘हापो’ अभ्यासात (२००८) मधुमेहाच्या मर्यादेखालीही आईची साखर चढते तसे मोठ्या बाळांचे प्रमाण चढते, असे दिसले.

धोके : डोके बाहेर आल्यावर खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकू शकतो. त्या ओढाताणीत मानेजवळच्या मज्जातंतूंना इजा होऊन बाळाचा हात लुळा पडू शकतो. आईला जखमा व अतिरक्तस्राव संभवतो. नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचे इन्शुलिन चढलेलेच राहते. त्यामुळे पहिल्या काही तासांत त्याची साखर झपाट्याने उतरते. म्हणून मधुमेही आईच्या बाळाला तासाभरात अंगावर पाजतात आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासतात.

निदान व उपाय : सोनोग्राफीतील वजनाचा अंदाज १०–१५ टक्क्यांनी चुकू शकतो. भारतात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजतात. ती दर डेसिलिटरला १४० मिग्रॅ. वा अधिक असल्यास गर्भारपणातील मधुमेह मानतात. बेताचा आहार, चालणे आणि गरजेनुसार औषधे किंवा इन्शुलिन यांनी साखर ताब्यात राहते.

केवळ वजनावरून बाळाची प्रकृती ठरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांना पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा हलकी, तरी त्या मानाने अधिक चरबीची आढळली. ‘दोन जिवांचे खा’ या घरोघरच्या सल्ल्यापेक्षा साखरेची वेळेवरची तपासणी मोलाची आहे. प्रत्येक गरोदर स्त्रीने ती पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करून घ्यावी.