अतिरिक्त की आवश्यक? : दूरसंचार यंत्रांतील जोडभागांचा इतिहास

इंग्रजीतील 'रिडन्डन्ट' या शब्दाचा रूढ अर्थ 'गरजेहून अधिक, म्हणून वगळण्याजोगे' असा आहे. परंतु अभियंते ज्या जोडभागांस तो शब्द लावतात, ते वगळल्यास यंत्राचा भरवसाच उरत नाही. भाषाभ्यासकास हा विरोध नवा नव्हे. 'त्या दोन मुली आल्या' या वाक्यात अनेकवचन चारही शब्दांतून व्यक्त होते. एखादा शब्द नीट ऐकू न आला तरी अर्थ बुडत नाही. संदेशातील ही पुनरुक्ती दोषापासून संरक्षण देते, हे १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी गणिताने दाखविले.

यंत्ररचनेत या तत्त्वाचा ठळक प्रयोग १९६५ साली अमेरिकेतील सक्कासना येथे कार्यान्वित झालेल्या इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाला. त्याचे नियंत्रक यंत्र दुहेरी होते आणि चाळीस वर्षांत एकूण दोन तासांहून अधिक खंड पडू नये, असे उद्दिष्ट होते.

आपल्याकडे १९८४ साली 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली. तिचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाविना चालणे ही त्याची मुख्य अट होती. ज्या यवतमाळ जिल्ह्यात मारेगावसारखी तालुक्याची गावे वैशाखात भाजून निघतात, तेथे या अटीचे मोल वेगळे सांगावयास नको. नियंत्रणाचे भाग दुहेरी ठेवलेले आणि मंडले खाचेतून काढता येणाऱ्या कार्डांवर बसविलेली असल्यामुळे बिघडलेले कार्ड जागेवर बदलून दुरुस्तीसाठी अन्यत्र पाठविणे शक्य झाले. दुरुस्तीचे कौशल्य आणि बदलण्याचे काम यांची ही फारकत खेड्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची होय.

आजच्या मोठ्या राउटरमध्ये तीच परंपरा दिसते : दोन वीजपुरवठा संच, आणि यंत्र चालू असताच बदलता येणारे पंखे व कार्डे.

तथापि जोडी असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. दोन्ही संच एकाच वीजजोडणीवर असतील, तर ती जोडणी तुटताच दोन्ही एकदम बंद पडतात. शिवाय एक भाग दुरुस्तीस काढला, की तेवढा काळ जोडी उरतच नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा कळवा–पडघा दुहेरी वाहिनीचा एक पदर दुरुस्तीसाठी बंद असून भार दुसऱ्यावर होता आणि त्यातच बिघाड झाला, असे तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी सांगितले होते. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या.

ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या 'भारतनेट'च्या २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वलयाकार जोडणी स्वीकारली गेली, ती याच जाणिवेतून : एका बाजूने तार तुटली, तर संदेश दुसऱ्या बाजूने जावा. म्हणून मारेगावच्या एखाद्या कार्यालयातील यंत्राविषयी 'वीजसंच किती?' एवढेच विचारून भागणार नाही. ते संच कोठून वीज घेतात आणि बदलावयाचा सुटा भाग किती अंतरावर ठेवलेला आहे, हेही विचारले पाहिजे. 'अतिरिक्त' म्हणून ज्यावर काट मारली जाते, त्याची किंमत बहुधा दूरच्या गावालाच मोजावी लागते.