जोग, विष्णु गोविंद

जोग, विष्णु गोविंद : (२२ फेब्रुवारी १९२२–३१ जानेवारी २००४). हिंदुस्थानी संगीतातील अग्रगण्य व्हायोलिनवादक, संगीतशिक्षक व आकाशवाणीवरील संगीतनिर्माते. व्ही. जी. जोग या नावाने ते सर्वत्र परिचित होते. जन्म सातारा जिल्ह्यातील वाई येथे. शिक्षणासाठी ते लखनौला गेले, पुढे कलकत्त्यास (आताचे कोलकाता) स्थायिक झाले आणि तेथेच त्यांचे निधन झाले. एका यूरोपीय वाद्याला रागसंगीताच्या मैफलीत स्वतंत्र स्थान मिळवून देणाऱ्या वादकांच्या पिढीतील ते एक प्रमुख कलावंत होत.

हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिन जोगांनीच आणले, असे काही वेळा म्हटले जाते. हे विधान अक्षरशः खरे नाही. तथापि त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. वाद्य आणणे आणि वाद्याला स्थान मिळवून देणे या दोन भिन्न गोष्टी होत. यांपैकी दुसऱ्या कार्यात जोगांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याचे मोल जाणण्यासाठी त्यांच्यापूर्वीची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते.

वाद्याची पार्श्वभूमी : व्हायोलिनला त्याचे आजचे रूप सोळाव्या शतकात इटलीमध्ये प्राप्त झाले. भारतात हे वाद्य यूरोपीय लोकांबरोबर आले. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याचा स्वीकार झाला. मुथ्थुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) व तंजावरच्या बंधुचतुष्टयापैकी वडिवेलू यांची नावे या संदर्भात प्रामुख्याने घेतली जातात. कर्नाटक संगीताच्या मैफलीत गायकाच्या साथीला व्हायोलिन असणे पुढे जवळजवळ अपरिहार्य ठरले.

उत्तरेत मात्र तसे घडले नाही. तेथे गायनाच्या साथीसाठी सारंगी आधीपासूनच रूढ होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, प्रसार झाला. स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा बीन, सतार व सरोद या वाद्यांकडे होती. त्यामुळे व्हायोलिनला रिकामी अशी जागाच नव्हती. गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून हे वाद्य शिकविले जाई व तेथील अनेक वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटसंगीतात नावारूपाला आले. परंतु त्यांची परंपरा मुख्यतः पाश्चात्त्य पद्धतीची होती. मैहरचे अल्लाउद्दीनखाँ यांच्यासारखे थोर कलावंत व्हायोलिन वाजवीत. तरी त्यांची ख्याती सरोदवादक व गुरू म्हणूनच अधिक होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही स्थिती पालटू लागली. त्यास एक प्रशासकीय निर्णयही काही अंशी कारणीभूत झाला. हार्मोनियमचे स्वर ठराविक जागी बांधलेले असतात. त्यावर मींड घेता येत नाही आणि भारतीय रागांतील सूक्ष्म स्वरस्थाने दाखविता येत नाहीत, या आक्षेपांवरून नभोवाणीने १९४० मध्ये या वाद्यावर बंदी घातली. सुमारे तीन दशकांनंतर ती टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. मधल्या काळात नभोवाणीवरील गायनाच्या साथीसाठी सारंगी व व्हायोलिन या गजाने वाजणाऱ्या वाद्यांना अधिक वाव मिळाला. जोगांच्या उमेदीची वर्षे नेमकी याच काळात येतात.

शिक्षण : जोगांचे आरंभीचे शिक्षण शंकरराव आठवले व गणपतराव पुरोहित यांच्याकडे झाले. त्यानंतर ते लखनौ येथील मॅरिस संगीत महाविद्यालयात दाखल झाले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे प्राचार्यपद त्या वेळी श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (१९००–१९७४) यांच्याकडे होते. रातंजनकर हे भातखंडे यांचे शिष्य, तसेच आग्रा घराण्याचे फैयाझखाँ यांचेही शिष्य. त्यामुळे रागशास्त्राची शिस्त आणि आग्रा गायकीतील लयीचा खेळ या दोहोंचा लाभ त्यांच्या विद्यार्थ्यांना होई. जोगांनी पुढे याच संस्थेत अध्यापनही केले. अल्लाउद्दीनखाँ यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले.

या शिक्षणक्रमाचे एक वैशिष्ट्य नोंदविण्याजोगे आहे. सतारीला किंवा सरोदला जशी घराणी होती, तशी हिंदुस्थानी व्हायोलिनला नव्हती. गजाची ठेवण कशी असावी, बोटे पट्टीवर कोठे व कशी सरकावीत, आलापानंतर कोणत्या क्रमाने पुढे जावे, यांपैकी कशाचीही वहिवाट ठरलेली नव्हती. व्हायोलिन शिकणाऱ्याला गायकाकडून गाणे आणि तंतकाराकडून बाज घ्यावा लागे व त्यांचे रूपांतर आपल्या वाद्यावर स्वतःच करावे लागे. जोगांच्या वादनात ग्वाल्हेर व आग्रा गायकीचे संस्कार आणि तंतुवाद्यांची गतकारी एकत्र आलेली दिसते, त्याचे मूळ या परिस्थितीत आहे.

वाद्याच्या अडचणी व त्यांवरील उपाय : व्हायोलिनवर पडदे नसतात. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाता येते आणि गळ्यातून निघणारी मींड जशीच्या तशी उमटविता येते. हा त्याचा मोठा गुण होय. पडदे नसल्याने स्वरस्थानाला आधार मात्र उरत नाही. बोट केसभर सरकले, तरी स्वर बेसूर होतो. पाश्चात्त्य वादक हे वाद्य हनुवटीखाली धरून उभ्याने किंवा खुर्चीवर बसून वाजवितात व त्याच्या चार तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतराने जुळवितात. भारतीय वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवितो व दुसरी बाजू छातीशी धरतो. वाद्याचा भार अशा रीतीने पेलला गेल्याने डावा हात मोकळा राहतो आणि लांब मींड सहज घेता येते. तारा बहुधा षड्ज व पंचम या स्वरांवर जुळविल्या जातात.

दुसरी अडचण झाल्याची. सतार व सरोद यांना चिकारीच्या तारा असतात. त्यांवर आघात करीत झाला रंगविता येतो. व्हायोलिनला चिकारी नाही आणि सारंगीप्रमाणे तरफाही नाहीत. गज उचलला, की नाद संपतो. म्हणून आलापातील सलगता टिकविण्यासाठी गज फिरविताना सांधा ऐकू येऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. द्रुत लयीत तंतकारीचा आभास निर्माण करण्यासाठी याउलट गजाचे छोटे, तुटक व स्पष्ट आघात द्यावे लागतात. हे दोन परस्परविरोधी व्यापार एकाच हाताने साधावयाचे असतात. जोगांच्या उजव्या हाताची तयारी या दोन्ही अंगांनी झालेली होती. विलंबित आलापीतील त्यांचा गज गायकाच्या श्वासाप्रमाणे लांब चाले, तर गतीतील त्यांच्या तिहाया व लयकारी तबलावादकाला आव्हान देणाऱ्या असत.

साथ व स्वतंत्र वादन : तरुणपणी जोगांनी फैयाझखाँ, ओंकारनाथ ठाकूर यांसारख्या श्रेष्ठ गायकांची साथ केली. साथीचे काम वरवर दुय्यम वाटते. पण तेथे कसोटी मोठी असते. गायक पुढच्या क्षणी कोठे जाणार, हे आधी ठाऊक नसते. त्याची जागा ऐकून तत्काळ ती उमटवावयाची, मात्र त्याच्या पुढे जावयाचे नाही आणि तो थांबेल तेथे पोकळी जाणवू द्यावयाची नाही, असे तिचे नियम आहेत. जो वादक आवाजाची नक्कल जितकी उत्तम करील, तितका तो उत्तम साथीदार ठरतो. नेमक्या याच गुणामुळे व्हायोलिनला आवाजाची सावली मानण्याचा धोका होता. स्वतंत्र वादन करताना त्याला स्वतःचे असे काय सांगावयाचे आहे, हा त्या पिढीपुढील खरा प्रश्न होता.

या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली. औंध संस्थानाशी संबंध असलेल्या गायकघराण्यातील गजाननराव जोशी (१९११–८७) हे गायक व व्हायोलिनवादक अशा दुहेरी नात्याने प्रसिद्ध होते. त्यांचे वादन त्यांच्या गायकीचाच विस्तार होते. गोव्यातील पार्से येथील श्रीधर पार्सेकर (१९२०–६४) यांनी अल्पायुष्यात या वाद्यावर असाधारण प्रभुत्व मिळविले. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांनी विघ्नेश्वर शास्त्री यांच्याकडे शिक्षण घेऊन संयत, गायकी अंगाचे वादन विकसित केले. एन्. राजम (१९३८–    ) यांनी ओंकारनाथांच्या शिकवणीतून गायकी अंग व्हायोलिनवर परिपूर्णतेस नेले. या सर्वांच्या तुलनेत जोगांचा मार्ग मिश्र होता. गायकीचा आधार त्यांनी सोडला नाही. पण गत, तिहाई, सवाल-जबाब यांसारख्या वाद्यसंगीताच्या अंगांना त्यांनी बरोबरीचे स्थान दिले. ठुमरी व धून वाजविताना त्यांच्या वादनातील खेळकरपणा विशेष खुलत असे. शुद्ध गायकी अंगाचा आग्रह धरणाऱ्यांना हे मिश्रण उणे वाटण्याचा संभव आहे. तथापि व्हायोलिन केवळ गळ्याची प्रतिकृती नसून एक वाद्य आहे, ही जाणीव त्यामुळेच श्रोत्यांत रुजली.

जुगलबंदी : जोगांना सर्वाधिक लोकप्रियता मिळाली, ती शहनाईवादक बिस्मिल्लाखाँ (१९१६–२००६) यांच्याबरोबरच्या जुगलबंदीने. या वादनाच्या ध्वनिमुद्रिका देशभर पोहोचल्या. हा मेळ वरकरणी विजोड होता. शहनाईचा नाद प्रखर व दूरवर जाणारा, व्हायोलिनचा त्या मानाने सौम्य. दोहोंत साम्य एवढेच, की दोन्ही वाद्ये स्वर अखंड धरू शकतात. एक फुंकेने, दुसरे गजाने. याच साम्यावर ही जुगलबंदी उभी होती. एकाने धरलेला स्वर दुसऱ्याने तेथूनच उचलावा, एकाने मांडलेली आकृती दुसऱ्याने किंचित बदलून परत करावी, अशा रीतीने ती पुढे जाई. प्रखर वाद्याशी आवाजाच्या जोरावर स्पर्धा करण्याऐवजी जोग लयीतून उत्तर देत. साथीच्या दिवसांत कमावलेली दुसऱ्याचे ऐकण्याची सवय त्यांना येथे उपयोगी पडली, असे म्हणता येईल.

ज्ञानप्रकाश घोष यांच्या हार्मोनियमबरोबरही जोगांनी जुगलबंदी केली व तिच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. ज्या वाद्यावरील बंदीमुळे व्हायोलिनला नभोवाणीवर वाव मिळाला, त्याच वाद्याशी व्हायोलिनने बरोबरीच्या नात्याने केलेला हा संवाद इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

आकाशवाणी व अध्यापन : अध्यापनानंतर जोग आकाशवाणीच्या सेवेत आले व संगीतनिर्माता म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. आकाशवाणीवरील संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये व संगीत संमेलन १९५४ मध्ये सुरू झाले. संस्थानांचा आश्रय संपुष्टात आलेल्या त्या काळात आकाशवाणी हीच अनेक कलावंतांची नवी आश्रयदाती होती. दरबारी परंपरा नसलेल्या व्हायोलिनसारख्या वाद्याला तर ध्वनिक्षेपकाचा दुहेरी लाभ झाला. मोठ्या सभागृहात विरून जाणारा त्याचा नाजूक नाद ध्वनिक्षेपकामुळे घरोघरी स्पष्ट ऐकू येऊ लागला.

मैफलींच्या निमित्ताने जोगांनी भारताबाहेरही प्रवास केला. कलकत्त्यातील वास्तव्यात त्यांनी अनेक शिष्य तयार केले. शिशिरकणा धर चौधुरी या त्यांच्या शिष्यांपैकी प्रमुख होत. त्यांनी पुढे अली अकबरखाँ यांच्याकडेही शिक्षण घेतले व व्हायोलिनवादक आणि शिक्षिका म्हणून स्वतंत्र कीर्ती मिळविली. महाराष्ट्रात जन्मलेल्या वादकाने लखनौमध्ये घेतलेली विद्या अशा प्रकारे बंगालमध्ये रुजली.

मानसन्मान : संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार जोगांना १९८० मध्ये मिळाला. १९८३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरविले.

मूल्यमापन : जोगांनी स्वतःच्या नावाचे घराणे स्थापन केले नाही आणि वाद्याच्या रचनेतही मूलगामी बदल केले नाहीत. त्यांचे कार्य निराळ्या स्वरूपाचे आहे. त्यांच्या उमेदवारीच्या काळात व्हायोलिनवादक मैफलीत गायकाच्या मागे बसत असे. त्यांच्या उत्तरायुष्यात तो संमेलनांत स्वतंत्र कलावंत म्हणून मधोमध बसू लागला होता आणि पुढील पिढीला ते स्थान नव्याने मागावे लागले नाही. हे परिवर्तन कोणा एकाचे नव्हे. तथापि साथ, स्वतंत्र वादन, जुगलबंदी, प्रसारण व अध्यापन या पाचही क्षेत्रांत सातत्याने वावरून ते घडवून आणणाऱ्यांत जोगांचे स्थान अग्रभागी आहे.