साखर कारखान्याचा बॉयलर आणि अणुभट्टी

सोनईत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकताना मी अणुभौतिकीची पुस्तकं वाचायला घेतली, तेव्हा घरचे विचारत, "याचा नोकरीला काय उपयोग?" प्रश्न रास्त होता. आमच्या मोहल्ल्यात मुलगा इंजिनिअर होतो तो आखातात किंवा चाकणला नोकरी लागावी म्हणून. अणू म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांचा विषय. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

होमी भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठीच. शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं, ही घरच्यांची इच्छा. मुलाची ओढ भौतिकशास्त्राकडे. वडिलांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग हवं ते शीक. १९३० मध्ये भाभांनी तो मिळवला आणि मग ते भौतिकशास्त्राकडे वळले.

१९५७ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा सुरू झाली. तिथं इंजिनिअरांना अणुशास्त्र शिकवलं जाऊ लागलं. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९६३ मध्ये मेकॅनिकलची पदवी घेतलेले अनिल काकोडकर याच शाळेतून पुढे आले. ज्या 'ध्रुव' अणुभट्टीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, ती १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातल्या इंधनाच्या जुड्या थरथरू लागल्या. अडचण अणूची नव्हती, कंपनाची होती. ती सोडवायला इंजिनिअरच लागले.

आपल्या साखर कारखान्यात बगॅस जाळून वाफ करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरतं. १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूरच्या केंद्रातही वाफ आणि टर्बाइनच आहे. फक्त तिथली उष्णता युरेनियमचं केंद्रक फुटून मिळते. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण विखंडित झालं, तर सुमारे तीन टन कोळशाइतकी उष्णता निघते. हे कसं घडतं, ते अणुभौतिकी सांगते. त्या उष्णतेला आवर घालून तिची वीज करणं हे इंजिनिअरचं काम. ज्याला दोन्ही कळतं, त्याचीच तिथं गरज असते.

म्हणून मुलगा किंवा मुलगी असं पुस्तक घेऊन बसली, तर "उपयोग काय?" म्हणून ते बंद करायला लावू नका. ट्रॉम्बेची ती शाळा आजही इंजिनिअर पदवीधरांना घेते.