एसएमपीएस दुरुस्त करायचा की बदलायचा?

कॉम्प्युटर चालूच होत नाही म्हणून दुकानात नेला, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘एसएमपीएस उडालाय, नवा टाकू.’ दुरुस्तीचं कुणी नाव काढत नाही, आपणही विचारत नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात संशोधन करायचं असेल, तर अशा साहजिक वाटणाऱ्या उत्तरापाशीच थांबायला हवं. ते साहजिक कधीपासून झालं?

१९७६चा ॲपल-१ बघा. ट्रान्सफॉर्मर ग्राहकाने स्वतः आणून जोडायचा. घरातली वीज आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरायची, पुढचं सगळं काम कमी व्होल्टेजवर आणि बोर्डावर डोळ्यांसमोर. बिघडलं तर दुरुस्ती, दुसरं काय! पुढच्याच वर्षी ॲपल-२ आला. त्यात रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा सप्लाय दिला: हलका, कमी तापणारा आणि बंद डब्यात. (ही क्रांती होल्ट यांचीच, असं स्टीव्ह जॉब्ज म्हणत. पण स्विचिंग सप्लाय त्याआधीच्या मिनीकॉम्प्युटरांतही होते. आठवणी आणि चरित्रं वापरताना एवढं तपासायचंच.)

या पद्धतीत घरातली वीज ट्रान्सफॉर्मरच्या आधीच डीसी होते. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. म्हणजे डबा उघडणंच धोक्याचं झालं. माझ्या मते ‘बदला’ या उत्तराची सुरुवात इथे आहे, स्वस्ताईत नाही. डबे एकमेकांच्या जागी बसू लागले ते नंतर. आयबीएमच्या नकलांमुळे मापं बरीच सारखी झालीच होती. १९९५मध्ये इंटेलच्या एटीएक्सने ती कागदावर ठरवून दिली.

त्यामुळे रोजच्या वापरातलं मशीन एटीएक्सचं असेल, तर मीही बदला असंच म्हणेन. फुगलेला एक कपॅसिटर किरकोळ किमतीत मिळतो, पण बाकीचे त्याच वयाचे असतात. सप्लायने चुकीचा व्होल्टेज सोडला तर हार्ड डिस्क जाते, आणि तिच्यावर तुमचं फील्डवर्क असतं. एक मात्र बघा: काही कंपन्यांनी एटीएक्ससारखाच दिसणारा कनेक्टर वापरून तारांच्या जागा बदलल्या होत्या. तिथे बाजारातला डबा लावला तर बोर्ड जळू शकतो.

कॉलेजच्या संग्रहातल्या जुन्या मशीनचं गणित उलटं आहे. तिथे सप्लाय हेच साधन. कपॅसिटर कुणाच्या बनावटीचे, त्यांवर कुठल्या आठवड्याचा शिक्का, आधी कुणी डाग देऊन काय बदललं, हे सगळं त्या डब्यात वाचता येतं. डबा भंगारात गेला की ते गेलं. अशा वेळी जाणकाराकडून दुरुस्तीच करून घ्या. आधी फोटो काढा आणि काढलेला प्रत्येक भाग तारीख घालून पाकिटात ठेवा.