करारातील एक कलम आणि एफसी गोवाची फुटलेली फळी

१९ फेब्रुवारी २०२०. जमशेदपूरचा ५-० असा धुव्वा उडवून एफसी गोवाने इंडियन सुपर लीगच्या साखळीत अग्रस्थान निश्चित केले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

ते आशियाई सामने एप्रिल २०२१ मध्ये झाले. तोवर हा मान मिळवून देणारे ह्युगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई मुंबई सिटीचे झाले होते! गोव्याने हंगामाच्या मध्यावर दूर केलेले प्रशिक्षक सर्जिओ लोबेराही मुंबईतच पोहोचले होते.

गोव्याचाच सुपुत्र असलेल्या मंदारचा करार संपला होता, त्यामुळे तो मुक्त होता. आज हे स्वाभाविक वाटते, पण एके काळी इंग्लंडमध्ये करार संपल्यावरही क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १९६३ मध्ये ही प्रथा अन्यायकारक ठरली. पुढे १९९५ च्या बॉसमन निकालाने युरोपीय संघात करार संपलेल्या खेळाडूसाठी शुल्क मागणेच बंद झाले.

बूमूसचे प्रकरण निराळे. २०१९-२० चा हा सर्वोत्तम खेळाडू. ११ गोल, १० गोलसाहाय्य. त्याचा करार अजून शिल्लक होता. परंतु त्यात ‘रिलीज क्लॉज’ होता: ठरलेली रक्कम जो क्लब भरेल, त्याच्याकडे जाण्यास खेळाडू मोकळा. म्हणजे विक्रीची संमती गोव्याने स्वाक्षरीच्या दिवशीच देऊन ठेवली होती. ऐनवेळी नकाराला जागाच नव्हती. वृत्तपत्रांनी ही रक्कम सुमारे १.६ कोटी रुपये सांगितली. सिटी फुटबॉल ग्रुपच्या मालकीच्या मुंबईला ती जड नव्हती.

स्पेनमध्ये १९८५ च्या राजाज्ञेने भरपाई देऊन करार सोडण्याची मुभा खेळाडूला दिली, म्हणून तेथील क्लब हा आकडा मुद्दाम अवाढव्य ठेवतात. बार्सिलोनाने नेमारसाठी २२.२ कोटी युरो लिहिले होते; २०१७ मध्ये पॅरिसने तेही भरले. गोव्याची तटबंदी त्या मानाने फारच ठेंगणी.

मार्च २०२१ च्या उपांत्य फेरीत हेच दोन क्लब समोरासमोर आले, तेही गोव्यात, रिकाम्या प्रेक्षागारात. दोन्ही लढती बरोबरीत सुटल्या. पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबई ६-५ ने जिंकली आणि पुढे विजेतीही झाली. त्याच वर्षी बूमूस कोलकात्याला, एटीके मोहन बागानकडे गेला.